सामूहिक वनहक्काचा पट्टा हातात आहे. तेंदू आणि बांबू ग्रामसभेने स्वतः विकायचा तर तयारी कशी करायची?

रानवाट

जोहार मंडळी.

गडचिरोली जिल्ह्यातलं लहान गाव, ८० च्या आसपास चुली. सामूहिक वनहक्काचा पट्टा मिळालेला आहे, क्षेत्र ६०० हेक्टरच्या घरात. निम्म्याहून थोड्या जास्त रानात बांबू आहे, बहुतेक मानवेल जातीचा. तेंदू, म्हणजे बिडीचं पान, आजवर पर्याय १ ने जायचा, म्हणजे लिलाव वनविभागच करायचा. आता ग्रामसभेत ठरलं आहे की पुढच्या हंगामापासून पर्याय २ घ्यायचा, विक्री आपण करायची. बांबूला तर अजून हातच लावलेला नाही.

शेती एकपिकी धानाची. धान निघालं की पोरं मिरची तोडायला तेलंगणात जातात. गावात घरटी रोख पैसा दिसतो तो मे महिन्यातच. म्हणून हे काम चुकलं तर अख्खं वर्ष चुकणार, याची लोकांना धास्ती आहे. जुना ठेकेदार येऊन सांगून गेला की "कशाला निविदा-बिविदा, मीच घेतो, आगाऊ रक्कमही देतो."

कागद कोणते लागतात, करारात काय लिहून घ्यायचं, फळीवर (पान गोळा करायच्या जागी) मोजणी कशी ठेवायची आणि बांबू त्याच वर्षी काढता येतो का, हे ज्यांनी हाताळलं आहे त्यांनी सांगावं.

हिशेबनीस

आधी पट्टा नीट वाचा. २००६ च्या वनहक्क कायद्यात दोन वेगळे हक्क आहेत. कलम ३(१)(ग) म्हणजे गौण वनोपजाची (लाकूड सोडून रानातला माल, तेंदू-बांबू त्यातच) मालकी, ती गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क. कलम ३(१)(झ) म्हणजे सामूहिक वनसंसाधन राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क. पहिल्याचा दाखला जोडपत्र ३ मध्ये मिळतो, दुसऱ्याचा जोडपत्र ४ मध्ये. काही गावांकडे एकच कागद असतो आणि दुसरा तालुक्याच्या कपाटात पडून असतो, तो काढून आणा. 'अटी' या रकान्यात काय लिहिलंय तेही बघा. "वनविभागाच्या परवानगीने" असलं काही घुसडलेलं असेल तर ते कायद्यात बसत नाही. जिल्हास्तरीय समितीकडे लेखी हरकत घ्या. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार वाहतूक परवाना, म्हणजे टीपी, ग्रामसभेची नियम ४(१)(ई) खालची वन राखणारी समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देते, आणि गौण वनोपजावर कसलंही शुल्क किंवा स्वामित्वधन लागत नाही. हा नियम छापून फाइलमध्ये ठेवा. नाक्यावर गाडी अडली की तोंडी वाद घालण्यापेक्षा हा कागद लवकर काम करतो.

ठराव नोव्हेंबर-डिसेंबरातच करा. वनविभागाची निविदा निघण्याआधी त्याची प्रत उपवनसंरक्षकांकडे देऊन पोच घ्या. उशीर झाला तर तुमचं युनिट पर्याय १ च्या यादीत जाऊन बसतं आणि मग निस्तरत बसावं लागतं. ठरावाला वनहक्क नियमांतली गणपूर्ती हवी: निम्मे सभासद हजर आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश तरी महिला. हजेरीवर सह्या-अंगठे त्याच दिवशी, त्याच जागी. मागाहून घरोघरी फिरवलेलं रजिस्टर विरोधकाच्या एका अर्जाने कोसळतं.

आता भाव. महाराष्ट्रात एक प्रमाणित गोणी म्हणजे १,००० पुडके, आणि पुडक्यात ७० पानं. (मध्य प्रदेशात पुडकं ५० पानांचं, तेव्हा तिकडचा गोणीचा भाव ऐकून इकडे हुरळून जाऊ नका.) निविदेत नुसता 'दर गोणी' मागितलात तर फसाल. एक जण सगळं धरून दर देतो, दुसरा मजुरी वेगळी धरून. समजा एकाने १०,००० रुपये गोणी म्हटलं आणि त्यात मजुरी, उलटाई-पलटाई (वाळवताना पुडके उलटणं), बोदभराई (वाळलेलं पान पोत्यांत, म्हणजे बोदांत भरणं), वाहतूक सगळं आलं. दुसऱ्याने ६,५०० म्हटलं पण हे सगळे खर्च त्याचे. शेकड्याला (शंभर पुडक्यांना) ४०० रुपये मजुरी धरली तर गोणीमागे ४,००० मजुरीतच जातात. म्हणजे पहिल्याकडे ग्रामसभेच्या हाती ६,००० उरतात आणि त्यातून बाकीचे खर्चही भागवायचे. दुसरा सरळ सरळ बरा. म्हणून निविदेच्या नमुन्यात मजुरीचा दर ग्रामसभेनेच ठरवून छापा आणि बोली फक्त त्यावरच्या रकमेची मागवा.

करारातली खरी मेख पैशाच्या हप्त्यांत आहे. दर मोठा आणि हप्ते ढिले, यात गावं बुडाली आहेत. बिडीचा बाजार मंदावला किंवा गोदामात जुना साठा राहिला की ठेकेदार शेवटचा हप्ता थांबवतो, आणि तोवर पत्ता राज्याबाहेर गेलेला असतो. म्हणून करार करतानाच अनामत आणि पहिला हप्ता. तोडाई चालू असताना मजुरी दर आठवड्याला. आणि उरलेली सगळी रक्कम बोद फळीवरून हलण्याआधी. पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय टीपीवर सही नाही. पुढच्या तारखेचा धनादेश म्हणजे पैसे नव्हेत.

ठेकेदाराची 'आगाऊ रक्कम' घेऊ नका. ती ग्रामसभेच्या खात्यात येत नाही, चार माणसांच्या हातात येते. मग त्या चौघांना वर्षभर त्याचीच बाजू घ्यावी लागते.

मोहटोला

हिशेबनीसांनी करार सांगितला, पण गळती फळीवर जास्त होते, ती कुणी कागदावर पकडत नाही.

शेकड्यामागे चार-पाच पुडके जास्तीचे घ्यायची जुनी रीत आहे. कारण सांगतात 'खराब निघतात'. हिशेब करा: समजा माल ३०० गोणी, म्हणजे ३ लाख पुडके. शेकड्याला ४ जास्तीचे गेले तर १२,००० पुडके. १२ गोण्या फुकट. ही गळती तोडणाऱ्या बाईच्या मजुरीतूनही जाते आणि ग्रामसभेच्या बोनसमधूनही (मजुरी सोडून उरलेली, मागाहून वाटायची रक्कम). करारात 'शेकडा म्हणजे १००, जास्तीचा पुडका नाही' असं एक वाक्य घाला. त्याच्या बदल्यात गावाने दर्जा सांभाळावा: कोवळं लाल पान, भोकाचं, गाठीचं, करपलेलं पान पुडक्यात नको, आणि पानं ७० च असावीत. रोज फळीवर कुठल्याही २० पुडक्यांची गाठ सोडून पानं मोजा. ६० निघायला लागली की ठेकेदाराच्या हाती आयतं कारण पडतं.

मोजणी कशी: संध्याकाळी पुडके आले की जमिनीवर २० ची एक ओळ, अशा पाच ओळी. शंभर डोळ्यांना दिसतात, तोंडी मोजणीवर भांडण होत नाही. ठेकेदाराचा दिवाणजी आपल्या वहीत लिहील, ग्रामसभेचा मुन्शी आपल्या वहीत, आणि तिसरी नोंद तोडणाऱ्याच्या कार्डावर. तिन्ही आकडे त्याच संध्याकाळी जुळले पाहिजेत. कार्ड बाईच्या नावावर काढा, कारण पहाटे तीनला उठून रानात तीच जाते. नवऱ्याच्या नावावर कार्ड असलं की बोनसची रक्कम कुठे जाते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

फळीची जागा कडक, उघडी, दिवसभर उन्हाची. झाडाखालची नको. तीन-चार दिवसांनी पुडके उलटायचे, साधारण आठवड्यात वाळतात. बोद भरताना पाणी शिंपडून पान मऊ करून, ऊन उतरल्यावर भरायचे. कोरडं भरलं तर चुरा, जास्त भिजवलं तर आत बुरशी येऊन पान काळं पडतं. वळवाचा पाऊस आला तर नुकसान कुणाचं हे आधीच लिहा: फळीवर मोजून घेतला की माल ठेकेदाराचा, पावसाची जोखीम त्याची. हे न लिहिल्यामुळे शेवटच्या हप्त्यातून 'भिजलेला माल' म्हणून कापाकापी होते.

छाटणी, म्हणजे खुटकटाई, फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत उरका. त्यानंतर ४०-४५ दिवसांनी पान तोडणीला येतं. उशिरा छाटलं तर पान पावसात सापडतं. झुडूप जमिनीलगत, धारदार हत्याराने, एका घावात. आणि आग लावू नका. आगीने फुटवा चांगला येतो हा समज अजून आहे, ठेकेदाराची माणसंही चिथावतात. त्या आगीत मोह, चारोळी, बेहडा यांची रोपं जातात आणि बांबूचे नवे कोंब होरपळतात. एका हंगामाच्या पानापायी पुढच्या वीस वर्षांचं उत्पन्न जाळण्यासारखं आहे. जाळरेषा (आग अडवायला मोकळा ठेवलेला पट्टा) जानेवारीत साफ करा, मार्च ते मे पाळीने राखण ठेवा.

खरं तर माझं मत तेंदूच नको असं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने २०१२ मध्ये पट्टा मिळाल्यावर तेंदू बंदच केला आणि बांबूवर गाव उभं केलं. छाटणी आणि आग टळली, आणि काम दोन आठवड्यांऐवजी कित्येक महिने मिळू लागलं.

कूप क्रमांक तीन

पाचगावचं उदाहरण चांगलं आहे, पण सगळीकडे तसंच्या तसं लागू होत नाही. तिथे बांबू भरपूर आहे. जिथे बांबू विरळ आहे तिथे तेंदू सोडला तर मे महिन्यात धानाच्या बियाण्याला पैसे कुठून आणायचे? सावकाराकडूनच. तेंदू चालू ठेवून बांबू उभा करावा, आणि बांबूचं उत्पन्न दोन-तीन वर्षं टिकलं की मग ग्रामसभेने पुन्हा विचार करावा.

बांबूचं आता. पहिल्याच वर्षी काढता येतो, पण मोजल्याशिवाय निविदा काढू नका. बांबूच्या रानाचे तीन सारखे कूप (तोडीचे भाग) पाडा आणि दर वर्षी एकच कूप तोडा, म्हणजे प्रत्येक रांजीला (बांबूच्या बेटाला) तीन वर्षांनी हात लागतो. समजा बांबूचं रान ३३० हेक्टर, कूप ११० हेक्टरचा. त्यात विखरून २२ चौकोन आखा, प्रत्येक सुमारे ३१.६ मीटर बाजूचा, म्हणजे ०.१ हेक्टर. सोयीची जागा शोधू नका. नकाशावर सारख्या अंतराने खुणा करा आणि जिथे येईल तिथे, नाल्यात का होईना, चौकोन टाका. चौकोनातल्या फक्त तोडण्याजोग्या बांबूंची नोंद करा. २.२ हेक्टरात २६४ निघाले तर हेक्टरी १२०, कुपात १३,२००. त्यातून पाचवा हिस्सा कमी करून निविदेत १०,५०० लिहा. जास्त निघाला तर त्याच दराने द्यायचं कलम ठेवा. कमी निघाला तर मात्र ठेकेदार दंड मागतो, आणि तो भरून काढायला लोक कोवळा बांबू तोडतात. रान बिघडतं ते तिथेच.

तोडीचे नियम असे. रांजीत आठापेक्षा कमी बांबू असतील तर हात लावायचा नाही. या पावसाळ्याचा आणि गेल्या पावसाळ्याचा बांबू राखायचा, शिवाय जुने आठ तरी सगळीकडे पसरलेले उभे ठेवायचे. कोवळा ओळखायचा कसा? पेरांवर आवरणं चिकटलेली असतात, अंगावर पांढरट भुकटी असते, बोटाने पुसली जाते. दोन पावसाळे झालेल्याची आवरणं गळतात, रंग गडद हिरवा. तीन-चारचा फिकट, पिवळसर, ठोकला तर टणक वाजतो. तोड जमिनीपासून वीतभर ते हातभर उंचीत, किमान एक पेर खाली ठेवून, पेराच्या लगेच वर. मध्येच तोडलं तर नळीत पाणी साचून बुंधा कुजतो. गड्डा (जमिनीखालचा कंद) खणायचा नाही. १ जुलै ते ३० सप्टेंबर तोड पूर्ण बंद, कारण वास्ते (नवे कोंब) तेव्हाच फुटतात.

रांजीत शिरायचं कसं, हे मजुरांना एकदा उभं राहून दाखवावं लागतं. बाहेरचे बांबू हाताला सोपे म्हणून सगळे तेच तोडतात. पण नवे कोंब बाहेरच्या कडेलाच येतात. कडा संपवली की रांजी आतून गच्च होते आणि बांबू वाकडे निघतात. एका बाजूने वाट करून घोड्याच्या नालेसारखं आत जायचं आणि मधले जुने काढायचे. मजूर कुरकुरतात, कारण वेळ लागतो. म्हणून नगावर मजुरी देताना आतल्या तोडीला दर थोडा जास्त ठेवा. कुपात दहा मजुरांमागे एक निरीक्षक हवा, आणि त्याची मजुरी नगावर नको, दिवसावर.

एक गोष्ट विसरू नका: फुलोरा. मानवेल काही दशकांनी एकाच वेळी फुलतो आणि मरतो. फुलोरा दिसला की बी गळेपर्यंत तोड थांबवायची, मगच वाळलेला काढायचा. वाळलेला बांबू आगीला आयता खाऊ. त्यानंतर काही वर्षं बांबूचं उत्पन्न नाही, म्हणून गावकोषात त्या काळाची तजवीज हवी.

रानवाट

फार उपयोगी पडलं. दोन शंका. आमचा तेंदू १४० गोण्यांच्या आत बसतो असं जुन्या वह्यांवरून दिसतं. एवढ्याशा मालाला बाहेरचा ठेकेदार येईल का? आणि टीपी ग्रामसभेची असली तरी नाक्यावर मानतात का?

हिशेबनीस

१४० ला एकटं बसू नका. ट्रक, मुन्शी, गोदाम यांचा खर्च बाहेरच्या ठेकेदाराला परवडत नाही, आणि मग एकच बोली येते, ती जुन्या ठेकेदाराचीच. शेजारच्या सात-आठ ग्रामसभांनी मिळून एक निविदा काढा, करार मात्र प्रत्येक ग्रामसभेचा वेगळा, पैसेही ज्याच्या त्याच्या खात्यात. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी महाग्रामसभा उभी केली ती अशाच कामांसाठी. जाहिरात निदान दोन वर्तमानपत्रांत द्या, आणि एक शेजारच्या राज्यात वाचलं जाणारं असू द्या. पाकिटं सगळ्या गावांच्या प्रतिनिधींसमोर फोडा. ठेकेदार आपसांत ठरवून बोली पाडतात; सगळ्या बोली गेल्या वर्षीच्या दरापेक्षा फार खाली आल्या तर फेरनिविदेचा हक्क राखलेला हवा. म्हणून पहिली निविदा जानेवारीतच काढा, म्हणजे फेरनिविदेला वेळ उरतो. एप्रिलमध्ये पान झाडावर असताना घासाघीस कसली करणार?

टीपीचं म्हणाल तर गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाला २०११ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन टीपीचं पुस्तक दिलं, तेव्हापासून वाट मोकळी झाली; २०१२ च्या नियमांनी ती पक्की केली. पुस्तक छापून घ्या, प्रत्येक पानाला क्रमांक, तीन प्रती: गाडीसोबत, ग्रामसभेकडे, वनपरिक्षेत्र कार्यालयाला माहितीसाठी. त्यावर पट्ट्याचा क्रमांक, मालाचा प्रकार, नग किंवा बोद, गाडीचा नंबर, कुठून कुठे, निघण्याची तारीख-वेळ आणि मुदत. सहीचे नमुने आणि शिक्का हंगामाआधीच वनविभागाला आणि वाटेवरच्या नाक्यांना पाठवा. कोरी सही केलेली टीपी ठेकेदाराच्या माणसाकडे कधीही देऊ नका.

कोषाची ताई

पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

खातं ग्रामसभेच्या नावे वेगळं हवं. ग्रामपंचायतीच्या खात्यात नको, आणि पेसाच्या (आदिवासी भागातल्या पंचायतींच्या कायद्याच्या) अबंध निधीच्या खात्यातही नको. एकदा मिसळलं की हिशेब सुटत नाही. सह्या तिघांच्या, त्यात एक महिला, आणि तिघेही एका घरातले नसावेत. ग्रामसभेचा पॅन काढा. तेंदू विकणाऱ्याला खरेदीदाराकडून टीसीएस (विक्रीवेळी घ्यायचा आयकर) गोळा करून भरावा लागतो, त्यासाठी टॅन (कर गोळा करणाऱ्याचा नंबर) लागतो. जीएसटी कोण भरणार हे निविदेतच लिहा, नाहीतर ठेकेदार शेवटच्या हप्त्यातून कापून मोकळा होतो. तालुक्याच्या गावी वनोपजाचं काम केलेला सनदी लेखापाल डिसेंबरमध्येच गाठा. मार्चमध्ये तो फोन उचलत नाही.

मजुरी आठवड्याला, बोनस एकदाच. मजुरी लांबली की लोक कार्ड बाजूला ठेवून शेजारच्या गावच्या फळीवर पुडके टाकतात, आणि तुमच्या गोण्या करारापेक्षा कमी भरतात. बँक दूर असेल तर शाखेला आधीच पत्र देऊन एक दिवस गावात माणूस बोलवा. ज्यांचे आधार आणि खाते जुळत नाहीत त्यांची यादी फेब्रुवारीतच काढा. मे महिन्यात ती निस्तरायला गेलात तर म्हाताऱ्या बायका चार-चार फेऱ्या मारतात.

बोनसची वाटणी पुडक्यांच्या प्रमाणात, पण आधी कोषाचा हिस्सा बाजूला काढा. दहा ते वीस टक्क्यांत ग्रामसभा काय ठरवेल ते. त्यातून राखण, जाळरेषा, मुन्शीचं मानधन, आणि जी घरं तोडायला जाऊ शकत नाहीत त्यांना काहीतरी: एकटी विधवा, अपंग, बाळंतीण. हे ठरावात नावानिशी लिहा. वाटणीचा तक्ता गोटूलच्या (गावाच्या सामायिक घराच्या) भिंतीवर लावा: कार्ड क्रमांक, नाव, पुडके, मजुरी, बोनस. पहिल्या वर्षी थोडी भांडणं होतील, ती होऊ द्या. तक्ता उतरवू नका.

बांबूची मजुरी नोव्हेंबरपासून सुरू झाली तर मिरचीला जाणारी निम्मी पोरं थांबतील. पण त्यासाठी बांबूची निविदा सप्टेंबरात निघायला हवी, म्हणजे चौकोनांची मोजणी पावसाळ्याआधी, तेंदू संपल्या संपल्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर सगळे धानाच्या पऱ्ह्यात (रोपांच्या कामात) असतात, मग मोजणीला माणूस मिळत नाही.